दोन रकान्यांमधली रेघ

आमचे भाऊ तलाठी होते. कऱ्हाड तालुक्यातल्या तीन गावांचा सजा त्यांच्याकडे होता. जुलैअखेरीस महसुली वर्ष संपत आलं की आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. गाव नमुने पसरलेले असायचे, एक ते एकवीस. प्रत्येकाचे रकाने वेगळे आणि शाई वेगवेगळ्या वर्षांची. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. एखादी वही भरली किंवा फाटली की भाऊ नवी वही घालायचे आणि मला समोर बसवून म्हणायचे, "तू वाच, मी लिहितो." मी घाईघाईने आकडे वाचायला लागले की ते पेन खाली ठेवायचे. "आधी मथळा वाच, बाळ. मथळ्याशिवाय आकडा लिहायचा नाही."

सातबारा मला त्या ओसरीवर कळला. सातबारा म्हणजे मुळात दोन वह्या. नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, आकार किती, बोजा कुणाचा. नमुना बारामध्ये त्याच जमिनीत कुठल्या हंगामात काय पिकलं. दोन्हींना जोडणारा रकाना एकच, गट नंबर. त्या आकड्याला धरून दोन वह्यांतल्या ओळी एका कागदावर आणल्या की सातबारा झाला. नमुना सहा ही फेरफाराची वही, म्हणजे सातवर झालेल्या प्रत्येक बदलाचं कारण. आठ-अ म्हणजे तीच जमीन खातेदाराच्या नावाखाली गोळा करून मांडलेली. पुढे पुण्यात डेटाबेसच्या वर्गात 'जॉइन' आणि 'ग्रुप' शिकवायला लागले, तेव्हा सर कुठल्याशा दुकानाच्या बिलांचं उदाहरण देत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ओसरीवरच्या वह्या होत्या.

गेली तीस वर्षं मी डेटा कन्व्हर्जनचं काम करते. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संघ, छोटे कारखाने यांच्या शीट घ्यायच्या आणि नव्या सिस्टिमला समजतील अशा करून द्यायच्या. या धंद्याचा इतिहास माझ्या खुर्चीवरून दिसला तसा लिहिते आहे. त्यात मध्यभागी आहे ती एक रेघ: पडद्यावर डावीकडच्या रकान्यापासून उजवीकडच्या रकान्यापर्यंत माउसने ओढलेली. ती येण्याआधीचा काळ मी पाहिला आणि नंतरचाही. रेघेमुळे कामाचा वेग वाढला, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. मला मात्र तिची किंमत वेगळ्या कारणाने वाटते. ती रेघ सोसायटीच्या सचिवाला वाचता येते.

एका मापातून दुसऱ्या मापात हिशेब नेण्याचं काम संगणकाच्या फार आधीचं आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पाव पैसा खतावणीत लिहिता येईना, म्हणून कोष्टकं छापली गेली: एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. आता बघा, एकेक आण्याच्या तीन नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद वेगळी फिरवली तर होतात अठरा पैसे. आधी बेरीज करून मग फिरवली तर एकोणीस. रूपांतर ओळीचं करायचं की बेरजेचं, हा प्रश्न त्या दिवशी कारकुनांपुढे होता आणि आजही प्रत्येक कामाच्या पहिल्या दिवशी माझ्यापुढे असतो. भाऊंच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. त्यांनी उधारीच्या वहीत त्या तारखेला आडवी रेघ मारून खाली लिहिलं होतं, "येथून पुढे नवे पैसे." भाऊ ती वही आम्हाला दाखवायचे. एवढी एक ओळ लिहिल्यामुळे ती वही आजही वाचता येते.

जमिनीचं असंच. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी आणि आकारणीची जी पद्धत बसवली ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि एकर-गुंठे गावोगावच्या दफ्तरात मुरले. मेट्रिक मापं आल्यावर सातबारावर हेक्टर-आर आलं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, शंभर आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा आणि आर जवळपास सारखे, गुंठा जेमतेम एक टक्का मोठा. त्यामुळे तोंडी व्यवहारात कुणाचं अडत नाही. पण एकर चाळिसाचा आणि हेक्टर शंभराचा, आणि दोन्ही लिहिताना मध्ये टिंब देतात. या टिंबाने मला आयुष्यात सगळ्यात जास्त शिकवलं. त्याच्याकडे पुढे येतेच.

१९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणलं. त्याचा कागद ६३ रकाने आणि २५४ ओळींचा. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलायचे, याचं लोकांना अप्रूप होतं. लगोलग त्यातला तक्ता दुसऱ्या प्रोग्रामला देता यावा म्हणून डीआयएफ नावाची फाइलची पद्धत ठरवावी लागली. स्प्रेडशीटच्या पाठीला पाठ लावून आमचा धंदा जन्मला तो असा. १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं. त्याच्या सुरुवातीच्या मेनूत 'ट्रान्सलेट' हा पर्याय ठळक दिसायचा, कारण जुन्या फाइली आणल्याशिवाय नवं कोणी घेणार नव्हतं. १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल आलं.

मी १९९३ मध्ये कऱ्हाडला एसटी स्टँडसमोरच्या माडीवर डीबेस, लोटस आणि वर्डस्टार शिकले. लगेच पुण्यात एका लहानशा फर्ममध्ये लागले. काम असं: सोसायटीची वही ऑपरेटरने लोटसमध्ये चढवायची, तिची टेक्स्ट फाइल काढायची आणि मी फॉक्सप्रोत प्रोग्राम लिहून ती डीबीएफमध्ये भरायची. डीबीएफमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नसे. त्यामुळे 'सातबाराप्रमाणे क्षेत्र' आणि 'प्रत्यक्ष वहिवाटीचं क्षेत्र' हे दोन रकाने 'एरिया१' आणि 'एरिया२' व्हायचे. कुठला कोणता, हे माझ्या डोक्यात. मी सुट्टीवर गेले की कुणाच्याच डोक्यात नाही.

मु. पो. अमुक, ता. कऱ्हाड, जि. सातारा. आपल्या पत्त्यात निदान दोन स्वल्पविराम असतात, आणि स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या सीएसव्ही फाइलीत असा पत्ता अवतरणात ठेवला नाही तर तीन रकान्यांत फाटतो. पत्त्याचा जिल्हा फोन नंबरच्या घरात आणि फोन नंबर शेअर रकमेच्या घरात जाऊन बसतो. सीएसव्ही दशकानुदशकं वापरात होती, पण तिचे सर्वसाधारण नियम लिहून निघाले ते २००५ मध्ये, आरएफसी ४१८० या टिपणात. तोवर प्रत्येकाची सीएसव्ही वेगळी होती.

त्या फॉक्सप्रोच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. एका सभासदाचं क्षेत्र २ एकर ३० गुंठे. वहीत २.३० लिहिलेलं. लोटसमध्ये तो आकडा म्हणून गेला आणि शेवटचं शून्य गळून २.३ उरलं. माझ्या प्रोग्रामने टिंबाच्या डावीकडचं एकर आणि उजवीकडचं गुंठे म्हणून घेतलं: २ एकर ३ गुंठे. सत्तावीस गुंठे जमीन कागदावरून गेली. पीककर्जाची मर्यादा क्षेत्रावर ठरते. त्या खरिपात त्या माणसाला कमी कर्ज मंजूर झालं आणि चूक सापडायला दिवाळी उजाडली. दोष माझा होता. पण ती चूक ज्या ओळीत होती ती ओळ माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नव्हती, सोसायटीत तर नाहीच. सचिवांनी छापील यादीवर विश्वासाने सही केली होती. 'आधी मथळा वाच' हे मला ओसरीवर शिकवलं होतं, आणि मी तेच विसरले होते. त्या रकान्याचा खरा मथळा 'क्षेत्र' नव्हता. तो 'क्षेत्र, एकर टिंब गुंठे' असा होता.

रेघ आली ती याच सुमारास, पण आमच्यापासून लांब. १९९३ मध्ये गौरव धिल्लाँ आणि डियाझ नेसामनी यांनी कॅलिफोर्नियात इन्फॉर्मॅटिका काढली. एका बाजूला मूळ तक्ता, दुसऱ्या बाजूला हवा असलेला तक्ता, मध्ये रूपांतराच्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, ही मांडणी मोठ्या बँकांत आणि टेलिफोन कंपन्यांत पोचली. १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७ बरोबर डीटीएस आलं. आता सर्व्हर घेतला की रेघ ओढायचं साधन त्यातच मिळू लागलं. व्हिएन्नाच्या अल्टोव्हाचं मॅपफोर्स आलं. त्यात एक्सएमएल, डेटाबेस, एक्सेलची शीट अशी कुठलीही दोन टोकं जोडता येतात आणि मधली फलनं चौकटींसारखी मांडता येतात. ही सगळी साधनं माझ्यासारखीला पाहायला मिळायची ती प्रदर्शनात किंवा मोठ्या कंपनीत लागलेल्या मैत्रिणीच्या पडद्यावर.

आमच्यापर्यंत रेघ पोचवली ती बेल्जियमच्या मॅट कॅस्टर्स या गृहस्थांनी. त्यांनी लिहिलेलं केटल २००५ च्या अखेरीस मुक्त स्रोत म्हणून खुलं झालं आणि पुढच्या वर्षी पेंटाहोच्या छत्राखाली गेलं. त्याची नावं सगळी स्वयंपाकघरातली. जिथे रेघा ओढायच्या तो पडदा म्हणजे स्पून. रूपांतर चालवणारा पॅन आणि सगळी कामं एकामागून एक लावणारं किचन. एक्सेल वाचायची चौकट, ओळी गाळायची चौकट, आकडेमोडीची चौकट, लिहायची चौकट, आणि एका चौकटीतून दुसरीत जाणारा बाण. त्या बाणाला केटलमध्ये 'हॉप' म्हणतात. चालवलं की खाली प्रत्येक चौकटीपुढे किती ओळी वाचल्या आणि किती लिहिल्या ते आकडे पळताना दिसतात. ते फुकट होतं. लहान फर्मच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या संगणकावर मी ते २००७ मध्ये उतरवलं. मॅट कॅस्टर्स यांना मी कधी भेटलेली नाही, पण त्यांचे उपकार सातारा जिल्ह्यातल्या कित्येक सोसायट्यांवर आहेत असं मी मानते.

२००८ च्या उन्हाळ्यातला एक दिवस मला आजही तपशिलात आठवतो. कृष्णाकाठची एक विकास सोसायटी. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर, लोखंडी कपाट. सचिव निवृत्तीला आलेले, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांच्या सभासद-वहीची एक्सेल शीट गावातल्याच एका पोराने केली होती. मी लॅपटॉप उघडला, डावीकडे अण्णांची शीट, उजवीकडे बँकेने मागितलेला नमुना. नाव नावाला जोडलं, खाते नंबर खाते नंबराला. मग 'क्षेत्र' या रकान्यापासून 'क्षेत्र हेक्टर' या रकान्यापर्यंत रेघ ओढली आणि मध्ये गुंठ्याचं आर करायची चौकट टाकली.

अण्णा खुर्ची ओढून जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्यावर बोट ठेवलं, थेट त्या रेघेवर.

"ताई, ही रेघ चुकली."

"काय चुकलं अण्णा? एकर-गुंठ्याचं हेक्टर करायचंय ना?"

"समद्यांचं नाही करायचं. चाळीसाव्या पानापर्यंत माझ्या आधीच्या सचिवांचं अक्षर हाय, ते एकर-गुंठे लिहायचे. पुढची पानं माझी. मी सातबारा बघून हेक्टर-आरच लिहिलंय. रकाना एकच, पण माणसं दोन."

मी गप्प बसले. माझ्या शीटमध्ये पान क्रमांक नव्हताच. अण्णांनी कपाट उघडलं, वही काढली. सभासद क्रमांकावरून चाळीसावं पान कुठे संपतं ते आम्ही शोधलं. मग ओळी गाळायची चौकट टाकली आणि प्रवाहाचे दोन फाटे केले. त्या क्रमांकापर्यंतच्या ओळी एका वाटेने, रूपांतर होऊन. पुढच्या ओळी दुसऱ्या वाटेने, जशाच्या तशा. वहीतलं शेवटचं शून्य गळू नये म्हणून पहिल्या फाट्यातला रकाना टेक्स्ट करून वहीशी ताडून पुन्हा भरून घेतला.

२.३ या एका आकड्याचे किती अर्थ होत होते ते मी त्या दिवशी अण्णांच्या पॅडवर मांडून बघितलं. २ एकर ३० गुंठे धरलं तर ११० गुंठे, म्हणजे १ हेक्टर ११ आर आणि थोडं वर. २ एकर ३ गुंठे धरलं तर ८४ आरसुद्धा पुरे भरत नाहीत. २ हेक्टर ३० आर धरलं तर ५ एकर २७ गुंठे. एकाच घरातला आकडा, आणि माणूस अल्पभूधारकही ठरू शकतो किंवा त्याच्या वरचाही. यावर एक चाळणी लावता येते. टिंबानंतर चाळीस किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर तो गुंठा असूच शकत नाही, तिथे हेक्टर-आर नक्की. १.६५ बघितलं की डोळे मिटून हेक्टर. पण चाळीसच्या आतले आकडे दोन्हींत बसतात आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उत्तर देऊ शकत नाही. तिथे अण्णाच लागतात.

अण्णांनी त्याआधी कधी माउस धरला नव्हता. तरी त्यांनी माझी चूक काम व्हायच्या आधी पकडली. फॉक्सप्रोचा प्रोग्राम मी त्यांना छापून दिला असता तर त्यांनी आदराने घडी घालून कपाटात ठेवला असता. संध्याकाळपर्यंत ते स्वतःच सांगत होते, "आता त्या चौकटीतून काय बाहेर पडतंय ते दाखवा." पुढच्या सगळ्या कामांत मी एक शिरस्ता पाडला: पहिल्या दिवशी संस्थेतल्या सगळ्यात जुन्या माणसाला पडद्यासमोर बसवायचं आणि प्रत्येक रेघ मोठ्याने वाचायची. मी वाचते, ते ऐकतात. ओसरीवर होतं तेच, फक्त जागा बदलल्या.

रेघ बरोबर असूनही शीटच बिघडलेली असते, हे आणखी एक प्रकरण. गट नंबर १२, हिस्सा ३, हे आपण १२/३ असं लिहितो. रकाना आधी टेक्स्ट केला नसेल तर स्प्रेडशीट त्याला तारीख समजते. २००६ साली टाइप केलेलं १२/३ आपल्याकडच्या मांडणीत १२ मार्च २००६ झालं, आणि शीटच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांचा क्रमांक असल्यामुळे दुसऱ्या टोकाला गट नंबर म्हणून उतरलं ३८७८८. हा आकडा उलटा फिरवून १२/३ परत मिळवता येतो. पण ज्या संगणकावर महिना आधी लिहायची अमेरिकी मांडणी होती, तिथे ३/१२ टाइप केलं असलं तरी हाच ३८७८८ तयार होतो. दोन वेगळ्या शेतकऱ्यांच्या दोन वेगळ्या जमिनी, पोटात आकडा एक. म्हणून संगणक कुणाचा होता, तेही विचारावं लागतं. आणि २५/१३ मात्र सुखरूप राहतो, कारण तेरावा महिना नाही! त्यामुळे रकाना वरवर बघून बिघाड लक्षात येत नाही, अर्धे गट नंबर जागच्या जागी दिसतात.

हे दुखणं आपल्या सातबारापुरतं नाही. जनुकांची नावं एसईपीटी१ आणि एमएआरसीएच१ अशी होती, एक्सेल त्यांची सप्टेंबर आणि मार्च करायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नावंच बदलली आणि ती सेप्टिन१, एमएआरसीएचएफ१ अशी केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतल्या कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकड्यांत आलीच नाही, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस पद्धतीच्या शीटमध्ये ओतली जात होती. त्या शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा. २००७ च्या एक्सेलपासून ती १०,४८,५७६ झाली आहे, पण फाइल जुन्या पद्धतीची असली की मर्यादाही जुनीच. वाचलेल्या ओळी किती आणि लिहिलेल्या किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले असते तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं असं माझं ठाम मत आहे. मी केटलच्या त्या पळणाऱ्या आकड्यांवर एवढं प्रेम करते ते यासाठी.

एक्सेल वाचणाऱ्या जुन्या ड्रायव्हरची एक सवयही सांगून ठेवते. रकान्यात आकडे आहेत की अक्षरं, हे तो सहसा पहिल्या आठ ओळी बघून ठरवतो. पहिल्या आठ सभासदांचे गट नंबर १०१, १०२ असे निव्वळ आकडे असतील आणि नवव्याचा ११०/२अ असेल, तर नवव्याचं घर रिकामं उतरतं. चूक झाल्याचा निरोपही येत नाही. म्हणून मी प्रत्येक शीटमध्ये मथळ्याखाली एक खोटी ओळ घालते, प्रत्येक घरात 'अ', आणि काम झाल्यावर ती गाळून टाकते.

मराठीच्या बाबतीत अडचण आणखी खोल होती. पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक सुरू झालं, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण कचेऱ्यांत आणि छापखान्यांत दीर्घकाळ चालले ते फॉन्ट असे, की ज्यांत पडद्यावर मराठी दिसे आणि पोटात रोमन अक्षरांचे क्रमांक असत. फॉन्ट काढला की 'पाटील' जाऊन निरर्थक चिन्हं उरायची. अकारविल्हे यादी लावायची सोय नाही, नाव शोधायची सोय नाही. यातून युनिकोडमध्ये यायचं म्हणजे अक्षराला अक्षर लावून भागत नाही. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. म्हणजे मधल्या चौकटीला मराठी लेखनाचं व्याकरण शिकवावं लागतं.

माझ्या स्वतःच्या गावाने मला यात सगळ्यात जास्त छळलं. कऱ्हाड. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ऱ ने लिहितात. काही कन्व्हर्टर साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून तोच आकार आणतात. काही ते विसरतात आणि ह वर रफार चढून कर्हाड होतं. आणि सरकारी कागदावर कराड. तालुकावार बेरीज मागितली की एका गावाच्या चार ओळी यायच्या, त्यातल्या दोन पडद्यावर अगदी हुबेहूब. त्या दोन वेगळ्या का, हे ग्राहकाला समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली होती. शेवटी मी चौकटीत चारही रूपं डावीकडे लिहिली आणि उजवीकडे एकच 'कऱ्हाड'. आजही माझ्या प्रत्येक कामात ती चौकट पहिली पडते.

अण्णा २००९ मध्ये निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. भाऊही आता नाहीत. चाळीसाव्या पानानंतर माप बदलतं, हे सोसायटीच्या कुठल्याही शीटमध्ये लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं आहे त्या दिवशी बनवलेल्या केटलच्या फाइलीत. ती फाइल साध्या एक्सएमएलची आहे, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. ओळी गाळायच्या चौकटीला मी नाव दिलं होतं, "येथून पुढे हेक्टर-आर". आजोबांची वही डोळ्यांपुढे होती म्हणून ते सुचलं.

काम संपलं, डेटा नव्या सिस्टिमला गेला, की संस्था ही मॅपिंगची फाइल पुसून टाकतात. हार्ड डिस्क बदलतात, लॅपटॉप भंगारात देतात. माझी त्यांना विनंती आहे, ती पुसू नका. मूळ शीट, मॅपिंगची फाइल आणि झालेल्या ओळींचे आकडे, या तिन्ही गोष्टी एका सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर घालून सभासद-वहीच्या शेजारी कपाटात ठेवा आणि वर तारीख लिहा. आणि तुमच्या सोसायटीत, पतसंस्थेत, तलाठी कार्यालयात जुन्या वह्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं कोणी अजून असेल, तर या महिन्यात एक दिवस काढून त्यांच्यापाशी बसा. प्रत्येक रकान्याचा मथळा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या.